चहा झाला की हा-हा

माझा भाऊ क्लेम हसत नाही. तो दुःखी आहे असं नाही, रागीट तर मुळीच नाही. पण हसायची सवय त्याच्या तोंडाला कुणी लावलीच नाही. आम्ही लहान असताना चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत वडिलांची विजार घसरली होती. तेव्हा बाकीची पोरं पोट धरून लोळत होती आणि हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पट्टा सैल होता." पुढं त्यानं सगळं आयुष्य चर खणण्यात आणि साफ करण्यात घालवलं. आमच्या इंग्लंडातल्या नॉरफकची जमीन सपाट आणि पाणथळ, चर तुंबला की शेत बुडालंच समजा. म्हणून चरांची देखभाल करणारं एक मंडळ आहे, त्यात तो होता. दिवसभर कमरेइतक्या गाळात एकटा उभा राहणारा माणूस शब्दाला महाग झाला तर त्यात नवल नाही.

तर अशा माणसानं जूनमधल्या एका शनिवारी, भर दिवसा, एनिड गूचच्या तोंडावर "हा-हा" केलं. त्या दोन अक्षरांनी आमच्या अख्ख्या सहलीच्या डोक्याचा भुगा केला.

एनिड माझी मैत्रीण आणि क्लेमची शेजारीण. मी रस्त्याच्या पलीकडे राहते, म्हणजे दोघांची दारं मला माझ्या खिडकीतून दिसतात, आणि मी बघते हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा रेज गेला. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी क्लेम शिडी घेऊन तिच्या घरी गेला, छपराच्या पन्हळीतला पालापाचोळा काढला आणि दार वाजवून म्हणाला, "मिसेस गूच, पन्हळ तुंबली होती." बस्स. शोक नाही, सांत्वन नाही. तेव्हापासून दर शरद ऋतूत तो पन्हळ साफ करतो. उन्हाळ्यात तिच्या पायरीवर शेंगा ठेवून जातो, पण बेल वाजवत नाही. एनिड शेंगा हातात घेऊन माझ्याकडे येते.

"एव्हिस, याचा अर्थ काय गं?"

"अर्थ असा, की शेंगा जास्त झाल्या."

"एवढाच?"

एवढाच नव्हता हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. पण क्लेम अजून तिला "मिसेस गूच" म्हणायचा आणि ती त्याला "मिस्टर लार्टर". नऊ वर्षं शेंगा खाल्ल्या, पण नावानं हाक काही मारली नाही.

आता वेळ मात्र संपत आली होती. एनिडचा मुलगा कॅनडात असतो. आईनं घर विकून कायमचं तिकडं यावं म्हणून तो मागे लागला होता. गिऱ्हाईक मिळालं होतं. सोमवारी सही करायची आणि महिनाभरात निघायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली.

"त्यानं एक शब्द जरी विचारला ना, तर नाही जाणार मी. मला नाही जायचं तिकडं. सहा महिने बर्फ असतो, सून मला चहा पिशवीतला देते."

"मग तूच विचार की त्याला."

"मी? छे! बरं दिसत नाही ते."

बरं दिसत नाही! आमच्या देशावर राणी राज्य करते असं लोकांना वाटतं. राज्य करतात ते हे तीन शब्द. वर तिनं मला शपथ घातली की यातलं अक्षरही क्लेमला सांगायचं नाही. मी शपथ पाळली. फक्त संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन म्हटलं, "उद्या वेक्समिअरच्या हवेलीला सहल आहे. एनिडशी जे बोलायचं ते उद्या बोल. नाहीतर मग जन्मभर गप्प बस."

तो विळ्या-कोयत्यासारखं काहीतरी हत्यार पुसत बसला होता. पुसता पुसताच म्हणाला, "कुठं?"

"अरे, एवढी मोठी बाग आहे! कुठंही बोल!"

"हं," म्हणाला.

शनिवारी सकाळी बस वेक्समिअरला पोचली. चर्चच्या सहली मिसेस पास्क नेतात. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि आम्ही सगळे साठीच्या पुढचे असूनही ती वाजली की रांगेत उभे राहतो. एनिडनं सहलीसाठी केस सेट करून घेतले होते, निळी टोपी घातली होती. बसमधून उतरलो, तर क्लेम तिच्याजवळ आला. त्यानं टोपी काढली. मी कान टवकारले.

"मिसेस गूच," तो म्हणाला, "चहा झाला की... हा-हा. बोलायचंय जरा."

चेहरा दगडासारखा. परत टोपी घातली आणि चालता झाला.

एनिड जागच्या जागी उभी. "एव्हिस, तो हसला का गं आत्ता?"

"हसला नाही. पण 'हा-हा' असं म्हणाला खरं."

"म्हणाला म्हणजे? हसल्याशिवाय हा-हा कोण म्हणतं?"

साठ वर्षं मी या माणसाची बहीण आहे, हा प्रकार मलाही नवा होता.

आम्हा लोकांना बसमधून उतरल्यावर चहा घेतल्याशिवाय पाय टाकता येत नाही. जुन्या तबेल्यात चहाची सोय होती. तिथं क्लेमनं उभ्या उभ्या चहा घेतला, कप जागेवर नेऊन ठेवला आणि निघून गेला. एनिड त्याच्या पाठीकडे बघत बसली.

"हा चहा म्हणत असेल का तो?"

"हा कुठला? हा नुसता घसा ओला करायचा चहा. तो चारचा चहा म्हणत असणार, स्कोन आणि जॅमवाला."

हे मी सांगितलं. अगदी ठामपणे सांगितलं. आपल्याला कळत नसलं की आवाज ठाम होतो, हा माझा स्वभाव.

मग हवेली बघायला सुरुवात झाली. मोठमोठे दिवाणखाने, भिंतीवर मेलेल्या उमरावांच्या तसबिरी, टेबलावर चाळीस माणसांच्या काट्याचमच्यांची मांडणी आणि जेवायला कुणी नाही. एनिडला यातलं काही दिसत नव्हतं. ती प्रत्येक खोलीत नवा अर्थ लावत होती. जेवणघरात म्हणाली, "टोपीला हसला असेल. निळी नकोच होती." ग्रंथालयात म्हणाली, "लाजला असेल. लाजलं की माणूस कसंतरीच हसतं, नाही का?" जिन्यावर थांबून म्हणाली, "की मी कॅनडाला चालले म्हणून त्याला बरं वाटलंय?"

मागून मिसेस पास्कनी ऐकलं. त्यांना सगळं ऐकू येतं. "काय झालं?" त्यांनी विचारलं आणि एनिडनं सांगून टाकलं.

मिसेस पास्कचा चेहरा गंभीर झाला. "क्लेम लार्टर हा-हा म्हणाला? अगं बाई! माझ्या काकांचं असंच झालं होतं. एकदम काहीच्या बाहीच बोलायला लागले आणि संध्याकाळपर्यंत अर्धं अंग गेलं."

"मिसेस पास्क," मी म्हटलं, "तो धडधाकट चालत गेलाय."

"काकाही चालतच गेले होते."

एनिडनं बसायला जागा शोधली. शेजारी पिवळ्या रेशमाची एक खुर्ची होती, तिच्यावर एक वाळकं काटेरी बोंड ठेवलेलं. या हवेल्यांमध्ये ज्या खुर्चीवर बसायचं नाही तिच्यावर ते बोंड ठेवतात, आमच्यात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. एनिडनं ते बोंड उचललं, पर्सवर ठेवलं आणि खुर्चीवर बसली.

खोली सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. "माफ करा हं, मला अगदी वाईट वाटतंय सांगायला, पण तुम्ही अडीचशे वर्षांवर बसला आहात."

"सॉरी," म्हणत एनिड उठली आणि ते बोंड पर्सला तसंच चिकटवून पुढच्या खोलीत गेली. त्या बाई 'माफ करा, माफ करा' करत तिच्या मागून आल्या. मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी तिची इतकी दया आली की मी तिचा दंड घट्ट धरला.

अकराला पुन्हा चहा झाला. दुपारी हिरवळीवर बसून चीज-लोणच्याचे सँडविच खाल्ले, थर्मासमधला चहा प्यालो. क्लेम कुठं दिसेना. भिंतीआडच्या भाजीबागेत नाही, काचघरात नाही, गुलाबांत नाही. सगळ्या बसला आता हा-हाची बातमी कळली होती आणि प्रत्येकाचं मत निराळं होतं. कुणी म्हणालं पैज लावली असेल. कुणी म्हणालं प्यायला असेल. म्हातारे मिस्टर डाय म्हणाले की त्यांनी बायकोला लग्नाची मागणी घालतानाही असंच म्हटलं होतं, त्यावर त्यांची बायको म्हणाली, नव्हतं म्हटलं, शिंक आली होती.

चारला ते गोल पावासारखे स्कोन आले. एनिड दाराकडे तोंड करून बसली. स्कोनला हात लावला नाही, आधी जॅम की आधी साय यावर शेजारच्या टेबलावर जुंपली होती तिकडं लक्ष नाही. कप रिकामा झाला, पुन्हा भरला, पुन्हा रिकामा झाला. क्लेम आला नाही.

"चल," ती शेवटी म्हणाली. "बसकडे जाऊ. सोमवारी सही करते आणि मोकळी होते. या वयात स्वतःचं हसं करून घेतलं मी."

मला भयंकर राग आला होता. क्लेमचा, तिचा, कॅनडाचा, चहाचा. "आधी तो मला सापडू दे, मग बघते," म्हटलं आणि तिला ओढत हिरवळीवरून निघाले. हवेलीच्या मागची हिरवळ लांबच्या लांब पसरलेली, आणि कुंपण-बिंपण काही नसताना थेट पुढच्या कुरणाला मिळालेली; तिथं गायी चरत होत्या, उमरावाच्या हिरवळीवरच चरतायत असं वाटावं. तेवढ्यात गवती टोपी घातलेला एक म्हातारा राखणदार हात हलवत ओरडला.

"बाई, जपून! पुढं हा-हा आहे!"

एनिड थबकली. कानापर्यंत लाल झाली. "ऐकलंस? यालासुद्धा सांगितलं त्यानं! नोकराचाकरांना सांगत फिरतोय!"

"तसं नाही बाई," म्हातारा जवळ येत म्हणाला, "दर वर्षी कुणीतरी हा-हात पडतंच."

"हा-हात?" मी म्हटलं. "हा-हात म्हणजे काय? कशात?"

"हा काय, चर. खोल आहे. एका बाजूनं विटांची भिंत, दुसऱ्या बाजूनं उतार. गायी इकडं येत नाहीत आणि खिडकीतून बघताना मधे कुंपणही येत नाही. अचानक समोर आला की माणूस 'हा! हा!' करतो, म्हणून म्हणे ते नाव. मला विचाराल तर पडल्यावर लोक निराळंच काहीतरी म्हणतात."

आम्ही दोघी हळूहळू पुढं गेलो. अगदी काठावर जाईपर्यंत काही म्हणजे काही दिसेना. मग एकदम जमीन संपली, आणि खाली क्लेमची टोपी दिसली. टोपीखाली क्लेम होता. कोट घडी करून त्यावर बसला होता. बाजूला सँडविचचा रिकामा कागद नीट चौकोनी दुमडून ठेवलेला.

तो उठून उभा राहिला. उभा राहिल्यावर त्याचं डोकं आमच्या बुटांच्या पातळीला आलं.

"मिसेस गूच."

"मिस्टर लार्टर."

"चहा झाला?"

"चार वेळा," एनिड म्हणाली.

"मी पहिल्याबद्दल म्हटलं होतं."

तो सकाळपासून तिथं होता. अख्खी हवेली, अख्खी बाग सोडून, पहिल्या चहानंतर या चरात येऊन बसला होता. तरुणपणी मंडळानं त्याला याच चराच्या दुरुस्तीला पाठवलं होतं. त्याला वाटलं, हा-हा काय, सगळ्यांनाच ठाऊक असतो.

"सॉरी," एनिड म्हणाली. "मला समजलंच नाही."

"नाही, सॉरी. मीच नीट सांगायला हवं होतं."

"नाही नाही, चूक माझीच."

"छे, माझी."

लांबून मिसेस पास्कची शिट्टी वाजली. बस निघायची वेळ झाली होती आणि ही दोघं एकमेकांची माफी मागत बसली होती. "क्लेम!" मी ओरडले. "बोल!" आणि चार पावलं मागं सरकले. त्यांना वाटावं ऐकत नाही, आणि मला सगळं ऐकू यावं, इतकीच.

क्लेमनं विटांवर हात ठेवला. "ही भिंत. लांबून दिसली का तुम्हाला?"

"नाही."

"आहे. पण दिसत नाही."

"हो, खरंच."

"आपल्या दोघांच्या बागांमधलं झाडीचं कुंपण. ते दिसतं." ती झाडी रेजनं लावली होती. आता डोक्याच्या वर गेली आहे. "ते काढावं म्हणतो."

एनिड गोंधळली. "काढून... तिथं असा चर खणणार?"

"चर कशाला? तुमच्याकडं कुठं गायी आहेत?"

"मग तिथं काय करणार?"

"काही नाही. नुसतं गवत." मग तो जे बोलला, तेवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. "म्हणजे तुम्ही इथं असाल तर. नसाल तर राहू दे. नवीन माणसाला लागेल कुंपण. मलाही लागेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला हरकत नाही. एनिड काठावर उभी होती, हातात पर्स घट्ट धरून. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल बाई, बोल.

"विचार करायला हवा, मिस्टर लार्टर," ती म्हणाली.

दोघांनाही चरात ढकलून द्यावं असं मला वाटलं.

बसमध्ये क्लेम पुढं ड्रायव्हरच्या मागं बसला. एनिड माझ्या शेजारी. गाव येईपर्यंत तिनं मला सोडलं नाही.

"एव्हिस, त्यानं विचारलं का गं मला?"

"विचारलं."

"काय विचारलं?"

"कुंपण काढू का, म्हणून."

"तेच! कुंपणच ना? आणि मी हो म्हटलं, घर विकायचं थांबवलं, आणि त्यानं खरोखरच नुसतं कुंपण काढलं तर?"

खरं सांगायचं तर तसं होऊ शकलं असतं. मी त्याचा आवाज ऐकला होता, त्याचा विटांवरचा हात पाहिला होता. तरी शपथेवर सांगा म्हटलं असतं तर मला सांगता आलं नसतं. गव्हाची शेतं मागं पळत होती आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एका कुंपणाचा अर्थ लावत बसलो होतो.

चर्चसमोर बस थांबली. क्लेम आधी उतरला आणि पायरीपाशी उभा राहून एकेका बाईला हात देऊ लागला. एनिड सगळ्यांत शेवटी उतरली. जमिनीवर पाय टेकले तरी तिनं हात सोडला नाही.

"कधी काढणार कुंपण?"

"सोमवारी मोकळा आहे मी."

"सोमवारी मला सहीला जायचंय."

क्लेमनं दुसऱ्या हातानं टोपी सारखी केली. "हं," म्हणाला. मग, "बरं." आणि हात सोडवून घ्यायला लागला, हळूच, तिला दुखू नये असा. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, पण त्याचे खांदे मी ओळखते. आई गेली तेव्हा असेच खाली आले होते.

एनिडनं बसकडे पाहिलं. खिडक्यांना नाकं लागलेली. मिसेस पास्क शिट्टी तोंडात धरून तशाच उभ्या. एनिडनं त्यांना सगळ्यांना नीट बघून घेतलं आणि क्लेमचा हात दोन्ही हातांनी धरला.

"क्लेम, सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच काढू. तू तुझ्या बाजूनं लाग, मी माझ्या बाजूनं लागते."

"उद्या रविवार आहे!" मिसेस पास्क म्हणाल्या. "प्रार्थनेच्या वेळी करवती चालवणार? बरं दिसतं का ते?"

"नाही दिसत," एनिड म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "क्लेम, दुसरी करवत आहे का तुझ्याकडं?"

"आहे," क्लेम म्हणाला. "काल दोन्हींना धार लावून ठेवलीय."